मागे घेता येणारे पाऊल

हातून एखादी गोष्ट घडून गेली की माणूस मनाशी म्हणतो, तो क्षण पुन्हा मिळाला तर मी निराळा वागेन. हे म्हणताना आपल्याला पुरते ठाऊक असते की तो क्षण पुन्हा मिळणार नाही. नीतिविचाराचा निम्मा भार या एका जाणिवेवर उभा आहे. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, म्हणून तो सोडण्यापूर्वी विचार करावा, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. बाण परत येत असता तर विचार करण्याची गरज राहिली असती का, हा प्रश्न कालपर्यंत निव्वळ तर्काचा होता. आज तो आपल्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुले रोज संध्याकाळी, कळत-नकळत, सोडवत बसलेली असतात.

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे गोळ्या झाडणारी विमाने आणि भरधाव मोटारी येतात. मला ज्या खेळांविषयी लिहायचे आहे ते त्या जातीचे नव्हेत. इंग्रजीत त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यांना सोंगाचे खेळ म्हणू. खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो, त्या पात्राच्या नावाने एका कल्पित जगात वावरतो, आणि वाटेत जे प्रसंग येतात त्यांत काय बोलायचे, कोणाची बाजू घ्यायची, कोणाला जीवदान द्यायचे हे तो स्वतः ठरवतो. त्याच्या निर्णयाप्रमाणे पुढची कथा वळण घेते. आमच्या शाळेतली मुले मधल्या सुट्टीत या निर्णयांवरून इतक्या तावातावाने भांडतात की हा विषय आहे तरी काय, हे पाहण्यासाठी यांतले काही खेळ मी स्वतः खेळलो आणि काही मुलांच्या शेजारी बसून पाहिले. त्यातून जे विचार सुचले ते येथे मांडत आहे.

सोंग ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. कोकणात, गोव्यात आणि घाटावरच्या सीमेलगतच्या गावांत दशावतारी नाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे ठाऊक असेल की त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पण संवाद नट रंगभूमीवर उभा राहून आयत्या वेळी बोलतो. एकच राजा एके रात्री कठोर बोलेल, दुसऱ्या रात्री हळवा होईल. एवढे स्वातंत्र्य असूनही एक मर्यादा कधी ओलांडली जात नाही. नटाने कितीही पराक्रम गाजवला तरी अभिमन्यू चक्रव्यूहातून जिवंत बाहेर पडला, असे कोणत्याही जत्रेत होत नाही. शब्द नटाचे असतात आणि शेवट पुराणाचा. सोंगाच्या खेळांनी जी नवी गोष्ट आणली ती हीच, की येथे शेवटही, निदान काही अंशी, नटाच्या हाती दिलेला असतो.

याच्या अगदी उलट टोकाला आपला मोक्षपट आहे. ज्याला आज आपण सापशिडी म्हणतो त्याचे हे जुने रूप. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. पटावरच्या घरांना सद्‌गुणांची आणि दुर्गुणांची नावे, सद्‌गुणांच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणांच्या घरात साप गिळतो, आणि शेवटी मोक्ष. कर्माचे फळ मिळते ही शिकवण या पटात आहे. परंतु खेळणाऱ्याने कोणत्या घरात जायचे हे कवड्या ठरवतात. दया मी निवडली म्हणून शिडी मिळाली, असे तेथे घडत नाही. कवड्यांनी मला दयेच्या घरात नेऊन ठेवले म्हणून शिडी मिळते. फळ आहे, पण निवड नाही. मोक्षपटाने मागे ठेवलेली ही रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न दूर अमेरिकेत, निराळ्याच लोकांनी केला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. तो संगणकावरचा नव्हता. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, आणि एकाने सूत्रधार व्हायचे. खेळाडू म्हणे, मी दार फोडतो. सूत्रधार फासे पाहून सांगे, दार फुटले, आणि आत काय दिसते ते असे. सूत्रधार जिवंत माणूस असल्यामुळे खेळाडूने कोणतीही वेडीवाकडी गोष्ट करू म्हटली तरी तिचे फळ त्याला जागच्या जागी ठरवता येई. पुढे हा प्रकार संगणकावर आला तेव्हा सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली. यंत्राला आयत्या वेळी सुचत नाही; प्रत्येक निवड आणि प्रत्येक फळ कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत या खेळांतला निर्णय म्हणजे बहुधा कोणत्या राक्षसाला कोणत्या शस्त्राने मारावे, एवढाच उरला.

त्याला पहिले ठळक वळण दिले ते रिचर्ड गॅरियट याने. १९८५ साली आलेल्या त्याच्या 'अल्टिमा'मालेतील चौथ्या खेळात मारून टाकण्याजोगा कोणी महाखलच नाही. खेळाडूने सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून निघालेले आठ सद्‌गुण आपल्या वागण्यातून सिद्ध करायचे आणि 'अवतार' व्हायचे, हे त्याचे उद्दिष्ट. अवतार हा शब्द कोठून आला हे आपल्याला सांगायला नको. खेळाच्या आरंभीच एक भविष्य सांगणारी स्त्री पेच घालते. प्रत्येक पेचात दोन सद्‌गुण एकमेकांविरुद्ध उभे असतात, जसे सत्य एकीकडे आणि करुणा दुसरीकडे, आणि त्यांतला एकच घेता येतो.

पण त्या खेळातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. त्यात जडीबुटी विकणाऱ्या बायका आहेत आणि त्या आंधळ्या आहेत. माल घेतल्यावर पैसे किती द्यायचे हे खेळाडूने स्वतः मोजायचे. कमी दिले तरी ती काही म्हणत नाही, पहारेकरी येत नाही, काही घडत नाही. खेळाडू खुशीत पुढे जातो. पुष्कळ पुढे, सचोटीच्या कसोटीला उतरायची वेळ येते तेव्हा त्याला कळते की आपण तेथे उणे पडलो आहोत. कोणी पाहत नसताना माणूस काय करतो, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न त्या लहानशा दुकानात मांडला गेला, आणि तोही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता.

पुढच्या काळात मात्र या व्यवसायाने एक सोपी वाट धरली. पाप-पुण्याची मोजपट्टीच पडद्यावर आणून ठेवली. कॅनडातील बायोवेअर कंपनीचा 'मास इफेक्ट' हा तीन भागांचा खेळ २००७, २०१० आणि २०१२ साली आला. त्यातल्या नायकाच्या सौम्य, उदार वर्तनाला निळे गुण मिळतात आणि कठोर, बेदरकार वर्तनाला लाल. दुसऱ्या भागात तर गुण पुरेसे साठले की काही खास उत्तरे खुली होतात. परिणाम असा की एका रंगाचे गुण भराभर साठवायचे हे खेळाडूचे धोरण बनते. समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याचा हात निळ्या उत्तराकडे जातो. वरवर पाहता तो सदाचारी दिसतो. वस्तुतः तो हिशेब लिहीत असतो.

हे लिहिताना मला शाळा आठवते, कारण हीच मोजपट्टी आम्ही शिक्षकांनीही वर्षानुवर्षे भिंतीवर टांगली आहे. खरे बोलल्यास शाबासकी, नीटनेटकेपणाला पाच गुण, वर्तनाला श्रेणी. मूल लवकरच ओळखते की येथे चांगले असण्यापेक्षा चांगल्या रकान्यात असणे महत्त्वाचे. परोपकाराचेही गुण मिळू लागले की परोपकाराची गरज असलेला माणूस हा गुण मिळवण्याचे साधन होतो. कांटने माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका असे बजावले होते. त्या इशाऱ्याचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यासाठी निळ्या-लाल गुणांइतके चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

याच मालेतील दुसरी गोष्ट मात्र आदराने नोंदवली पाहिजे. पहिल्या भागातील निर्णय दुसऱ्यात आणि तिसऱ्यात सोबत नेता येत होते. पहिल्या भागात एका प्रसंगी दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते. ज्याला मागे सोडले तो तिसऱ्या भागातही नसतोच. मधे खऱ्या आयुष्यातली पाच वर्षे उलटलेली असतात. २०१२ साली शेवट आला तेव्हा खेळाडूंत मोठा असंतोष उसळला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने शेवटात भर घालून तो विस्ताराने पुन्हा दिला. शेवट दुःखाचा होता एवढ्यासाठी ही तक्रार नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही जे जे निवडले त्याचा या शेवटाशी संबंध कोठे आहे, अशी ती होती. तक्रार खेळाविषयीची असली तरी तिच्या मुळाशी माणसाची एक खोल अपेक्षा आहे. केलेल्या कर्माला जगाने ओळख द्यावी, फळ कडू असले तरी चालेल पण ते माझ्या कर्माचे असावे, ही ती अपेक्षा. कर्मविपाकाची कल्पना ज्या समाजाने निर्माण केली त्याला ती परकी वाटू नये.

परंतु फळ कर्माला शोभेसेच असते का? 'फॉलआउट' या १९९७ सालच्या अमेरिकन खेळात अणुयुद्धानंतरच्या उजाड प्रदेशातून प्रवास करायचा असतो. खेळ संपला की वाटेत लागलेल्या एकेका गावाचे पुढे काय झाले ते चित्रांतून सांगितले जाते. त्यातल्या एका गावात कायद्याने चालणारा कारभारी आणि जुगाराचा अड्डा चालवणारा लफंगा, यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. मूळ योजना अशी होती की कारभाऱ्याला साहाय्य केले तर त्याच्या कडक शिस्तीत गाव आखडून जावे, आणि लफंग्याला केले तर व्यापार वाढून गाव भरभराटीस यावे. खेळ बाजारात येण्यापूर्वी हे बदलण्यात आले. सज्जनाला साहाय्य केले की गावाचे भले, असा सरळ शेवट ठेवला गेला. या बदलात आपल्या सगळ्यांच्या मनाची दुर्बलता दिसते. जग तसे नसते हे ठाऊक असूनही, खेळात तरी ते तसे असावे असे आपल्याला वाटते.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या मंडळींनी ही दुर्बलता बाजूला ठेवली. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून त्यांनी 'द विचर' ही माला केली. तिच्या २००७ सालच्या पहिल्या खेळात नदीकाठी ठेवलेल्या मालाची राखण करण्याचा प्रसंग आहे. रात्री बंडखोर येतात आणि हा माल आमचा आहे, द्या, म्हणतात. ते गांजलेले लोक आहेत, त्यांची बाजू पटते. माल दिला तर त्या वेळी काहीच वाईट होत नाही. कित्येक तासांनी, दुसऱ्या अध्यायात, शहरातल्या ज्या माणसाकडून महत्त्वाची बातमी मिळायची तो त्यांच्याच बाणांनी मरून पडलेला आढळतो. फळ इतके उशिरा येते की मागे जाऊन निर्णय बदलण्याचे धैर्य कोणाला होत नाही. मधला सारा खेळ वाया जाईल.

२०१५ सालच्या तिसऱ्या खेळात याहून बिकट पेच आहे. एका टेकडीखाली झाडाच्या मुळाशी कोंडलेली एक शक्ती नायकाला म्हणते, मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना चेटकिणींच्या तावडीतून वाचवीन. तिला सोडवले तर ती मुले खरेच वाचतात, पण तीच शक्ती जवळचे एक गाव उद्ध्वस्त करते, एका दुर्दैवी स्त्रीचा अंत होतो आणि तिचा पती गळफास घेतो. तिला मारले तर गाव वाचते आणि मुले बळी जातात. बरोबर उत्तर यात नाहीच. शिवाय निर्णय घेताना यांतले काय काय घडेल हे खेळाडूला माहीत नसते.

हा प्रसंग पाहताना मला कर्णपर्वातील दोन कथांची आठवण झाली. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा वध करीन, या प्रतिज्ञेपायी अर्जुन प्रत्यक्ष युधिष्ठिरावर शस्त्र उचलतो, तेव्हा कृष्ण त्याला त्या सांगतो. कौशिक नावाचा ब्राह्मण सदा खरे बोलण्याचे व्रत घेऊन बसलेला. लुटारू पाठीस लागलेली माणसे रानात शिरली; लुटारूंनी विचारले आणि त्याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. दुसरी कथा बलाक नावाच्या व्याधाची. त्याने पाणी पीत असलेले एक आंधळे श्वापद मारले, आणि त्याला न्यायला स्वर्गातून विमान आले, कारण ते श्वापद प्राणिमात्राचा संहार करणारे होते. बलाकाला ते मारताना हे ठाऊक नव्हते. मग त्याचे पुण्य कसले, आणि कौशिकाचा हेतू शुद्ध असताना त्याचे पाप कसले?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली या प्रश्नाला 'नैतिक दैव' असे नाव दिले, आणि टॉमस नॅगेल याने त्यावर चर्चा केली. दोन चालक सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकतात. एकाच्या वाटेत मूल धावत येते, दुसऱ्याच्या येत नाही. दोष दोघांचा सारखाच, पण जन्मभर झोप उडते ती एकाचीच. कांटच्या मताप्रमाणे नैतिक मोल हेतूचे असते, फळाचे नव्हे. बुद्धीला ते पटते, मनाला पटत नाही. विल्यम्सचे म्हणणे असे की ते मनाला न पटणे हा आपला अडाणीपणा नसून आपल्या माणूसपणाचा भाग आहे. टेकडीखालच्या त्या शक्तीला सोडवणारा विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मी मुलांसाठी केले, गावाचे मला काय माहीत?" आणि असे म्हणूनही तो अस्वस्थ होता. त्याची अस्वस्थता मला त्याच्या उत्तरापेक्षा अधिक मोलाची वाटली.

आता सीमेवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल अशा एका खेळाकडे येतो. ल्यूकस पोप याने २०१३ साली केलेला 'पेपर्स, प्लीज'. शास्त्रार्थाने तो सोंगाच्या खेळांच्या पंक्तीत बसेल न बसेल, पण त्याइतके अस्सल सोंग मी दुसरे पाहिले नाही. खेळाडू एका कल्पित देशाच्या सीमेवरच्या खोपट्यात बसलेला कागद तपासणारा कारकून असतो. माणसे रांगेत येतात, पारपत्र आणि परवाने पुढे करतात. नाव, तारीख, शिक्का जुळला तर हिरवा ठसा, नाही तर लाल. जितकी माणसे नियमाप्रमाणे हातावेगळी होतील तितका पगार, आणि त्या पगारात घरभाडे, अन्न, शेगडीचे जळण आणि आजाऱ्याचे औषध भागवायचे.

एके दिवशी एक गृहस्थ येतो, त्याचे कागद चोख असतात. जाताना तो विनवतो, माझ्या मागे माझी बायको आहे, तिच्यावर दया करा. बायको येते आणि तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नसतो. हिला आत सोडावे की परत पाठवावे? खेळाचा नियम असा की दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापला जातो. दहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, मी त्या दोन चुका मुद्दाम राखून ठेवते. कोणी खरेच अडलेले आले तर त्यांच्यासाठी." वर्गात लगेच वाद पेटला. एक म्हणाला, ज्या दयेला काही किंमत मोजावी लागत नाही ती दया कसली? दुसरा म्हणाला, तिसरा अडलेला आला तर त्याचे काय? ती म्हणाली, "तिसऱ्याच्या वेळी माझ्या घरातला मुलगा आजारी असतो."

मी त्या वेळी निकाल दिला नाही आणि आजही देऊ इच्छित नाही. मात्र त्या मुलीने जे ओळखले ते पुष्कळ मोठ्या माणसांनाही ओळखता येत नाही, असे मला वाटते. नियम आणि दया यांच्यामध्ये थोडी जागा असते. ती फार नसते, म्हणून ती उधळायची नसते, आणि असते म्हणून ती नाकारायचीही नसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या भागातल्या तीन पिढ्या कागदांच्या या बाजूला उभ्या आहेत. एकाच माणसाचे नाव मराठी दाखल्यावर एका तऱ्हेने, कन्नड उताऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि इंग्रजी ओळखपत्रावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. तो माणूस एकच आहे हे त्याच्याकडे पाहून कळते, कागदाकडे पाहून कळत नाही. मुख्याध्यापक या नात्याने दाखल्यावर सही करताना मीही खिडकीच्या आतल्या बाजूला असतो. खिडकीबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्या मुलांना आहे. आत बसलेल्या माणसाच्या घरी शेगडी विझलेली असू शकते, हे मात्र त्यांना या खेळाने दाखवले. ज्याचा आपल्याला राग येतो त्याच्या खुर्चीत बसून पाहणे हेही नीतिशिक्षणच आहे.

येथपर्यंत आल्यावर आरंभीच्या प्रश्नाला टाळता येत नाही. हे सारे खरे. पण खेळाडू आपला खेळ जागोजाग जपून ठेवू शकतो. त्याला सेव्ह करणे म्हणतात. निर्णय अंगाशी आला की मागच्या जागेवर परत जावे आणि दुसरी वाट धरावी. मग या निवडीला निवड तरी का म्हणायचे? ती तर चाचणी झाली. दोन्ही दारे उघडून पाहिली आणि बरे होते ते घेतले.

या आक्षेपाला खेळांनीच एक उत्तर देऊन पाहिले आहे. टोबी फॉक्स याच्या २०१५ सालच्या 'अंडरटेल'मध्ये आरंभी एक मायाळू प्राणी खेळाडूला आईसारखे सांभाळतो आणि बाहेरच्या जगात जाऊ देत नाही. तिला मारून बाहेर पडता येते, न मारताही येते. कोणी तिला मारले, पस्तावला, खेळ मागे नेला आणि या खेपेला तिला जिवंत ठेवले, तर पुढे भेटणारे एक पात्र त्याला तोंडावर सांगते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. शिवाय कोणी त्या जगातल्या एकूण एक जिवाची हत्या करून खेळ संपवला, तर त्यानंतर कितीही सद्‌भावाने पुन्हा खेळले तरी शेवटावर त्या हत्येचा डाग राहतो. कथा मागे नेता येते, पण स्मृती मागे जात नाही.

मला त्याहून जुने उत्तर महाभारतात दिसते. सभापर्वात युधिष्ठिर सर्वस्व हरतो, द्रौपदीची विटंबना होते, आणि मग धृतराष्ट्र तिला वर देऊन सारे परत करतो. राज्य, भाऊ, स्वातंत्र्य, सगळे. डाव जेथून सुरू झाला होता तेथे पुन्हा आणून ठेवला जातो. आपल्या वाङ्मयात गेलेला क्षण इतक्या पूर्णपणे परत मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आणि युधिष्ठिर काय करतो? वाटेतून बोलावणे येते, तो परततो आणि पुन्हा फासे हाती घेतो. अनुद्यूताचा हा प्रसंग व्यासांनी उगीच घातलेला नाही. पाऊल मागे घेता आले म्हणून माणूस बदलत नाही. माणूस बदलला तरच मागे घेतलेले पाऊल दुसरीकडे पडते. ज्या विद्यार्थ्याने खेळ मागे नेला त्याला मी विचारतो, कशासाठी नेलास? बक्षीस हुकले म्हणून, की ते मरण तुला पाहवेना म्हणून? दोघांच्या बोटांची हालचाल एकच असते, पण दोन कृती मुळीच एक नसतात. निवडीची नीतिमत्ता ती मागे घेता येते की नाही यावर अवलंबून नसून आपण ती कशासाठी केली आणि कशासाठी मागे घेतली यावर आहे, असे माझे मत यातून बनले आहे.

आणखी एक आक्षेप उरतो. खेळातल्या सगळ्या वाटा रचनाकाराने आधीच आखलेल्या असतात. त्याने तीन उत्तरे लिहिली असतील तर चौथे देता येत नाही. मग हे स्वातंत्र्य खरे की भास? हा आक्षेप खरा आहे, पण तो खेळापुरता राहत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सगळेच पूर्वकर्माने बांधलेले असेल तर माणसाला तू असे कर, असे सांगण्यात अर्थ काय, हा त्याचा गाभा. कोणत्या घरात, कोणत्या भाषेत, सीमेच्या कोणत्या बाजूला जन्मावे हे आपल्यापैकी कोणी निवडले नाही. आपल्यापुढेही फारतर दोन-तीनच उत्तरे असतात. ती लिहिणारा हात दिसत नाही एवढेच. परंपरेने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भेद केले. सोंगाच्या खेळात बसलेल्या मुलाला हे भेद शिकवावे लागत नाहीत. मागच्या भागातून आलेले ओझे, या भागात आधीच सुरू झालेले भोग, आणि आता या घटकेला बोटाखाली असलेली निवड, हे तिन्ही त्याच्या पडद्यावर एकाच वेळी असतात. स्वातंत्र्य अमर्याद नसते म्हणून ते नसतेच असे नव्हे.

म्हणून हे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे सरसकट म्हणणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. आणि त्यांतून मुले आपोआप सुजाण होतील असे म्हणणाऱ्यांशीही नाही. वेळेचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहेच, त्याला मर्यादा घालावी लागते. परंतु पेच मुलापुढे टाकणे एवढेच खेळ करू शकतो. त्या पेचाविषयी कोणाशी तरी बोलल्याशिवाय त्याचा विचार होत नाही, आणि ते बोलणे यंत्राला जमत नाही. खेळ बंद करून मूल जेवायला येईल तेव्हा 'किती वेळ खेळलास?' हा प्रश्न विचारावाच. पण त्यानंतर आणखी एक विचारावा, मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, घरात जी भाषा मनाजवळची असेल तीत: "आज तू काय निवडलेस, आणि का?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण थांबावे.